रेषा आतल्या अंगाला

साखर कारखान्याच्या बॉयलरमागे तो तुकडा क्रेनला टांगलेला होता आणि खाली उभी असलेली माणसं हसत होती. सुकन्या तेवढी हसत नव्हती.

तुकडा चौसाळ्याहून आला होता. एक तोंड चौकोनी, दुसरं गोल. बॉयलरचा धूर चौकोनी नळातून येतो आणि पंख्याचं तोंड गोल असतं, म्हणून दोघांच्या मधे असा जोड लागतो. परळीत सुकन्याच्या पत्राकामाच्या शेडमध्ये त्याला नुसतं ‘चौकोन-गोल’ म्हणत. इथली अडचण अशी होती की पंखा नळाच्या नाकासमोर नव्हता, हातभर डावीकडे बसवलेला होता. म्हणून जोडाचं गोल तोंड डावीकडे झुकलेलं हवं होतं. चौसाळ्याच्या तुकड्याचं तोंड उजवीकडे झुकलं होतं. मापं बरोबर, वेल्डिंग सुबक, नटबोल्टची भोकं जागच्या जागी. फक्त आरशात दिसावा तसा सगळा जोड उलटा.

“रविराजभाऊला फोन लावा,” कारखान्याचे इंजिनिअर चाटे साहेब म्हणाले. “म्हणावं, तुकडा लई झ्याक झालाय. आता पंखा तिकडं न्यायचा का बॉयलर, तेवढं सांगा.”

पुन्हा हशा झाला. सुकन्याचा धाकटा भाऊ भागवतही हसला, पण जरा उशिरा.

गळीत हंगाम तोंडावर आला होता. त्याच्या आत बॉयलरचे राखेनं खाल्लेले सगळे नळ बदलायचे होते. चाटे साहेबांनी दोन शेडना सारखंच काम घातलं होतं: हा एक जोड करून आणा, ज्याचा बसेल त्याला हंगामाचं सगळं काम. पहिली शेड चौसाळ्याला हायवेवरची, रविराजची. त्याचे वडील सुंदरराव हे त्या भागातले मोठे जमीनदार आणि जुने पुढारी. पोरानं रस्त्याकडेच्या जमिनीवर नवीकोरी शेड टाकली होती, संगणकावर चालणारी कापणी मशीन आणली होती. दुसरी शेड परळीची, भागवत आणि सुकन्याची. तिथं एक प्रेस, एक जुनं रोलिंग मशीन आणि चार माणसं. परळीचा तुकडा अजून प्रेसवर होता, पुढच्या आठवड्यात यायचा होता.

सहा वर्षं त्यांच्या शेडनं दुसऱ्यांच्या नावावर कामं केली होती. ठेकेदार मोठा, पाटी त्याची, बिल त्याचं, आणि नळ मात्र परळीच्या शेडमध्ये वाकलेले. या वेळी पहिल्यांदा काम शेडच्या नावावर मिळण्याची वेळ आली होती. शिवाय चाटे साहेबांनी नकाशा ज्यानं काढला त्याचं नाव कोपऱ्यात लिहायला सांगितलं होतं. सुकन्यानं आजवर शेकडो नकाशे काढले, पण कोपऱ्यातली ती चौकट कायम रिकामी ठेवली किंवा ठेकेदाराच्या माणसाच्या नावानं भरली. या नकाशावर तिनं स्वतःचं नाव टाकलं होतं. काम मिळालं तर हंगामभर प्रत्येक नळाच्या नकाशावर तेच नाव जाणार होतं. तिला या कामातून हवं होतं ते एवढंच.

टांगलेल्या तुकड्याकडे ती बघत राहिली. पत्र्याचा बंद आकार सपाट उलगडायचा असेल तर तो कुठेतरी चिरावा लागतो, आणि नळ तयार करताना तिथंच वेल्डिंगचा सांधा येतो. बहुतेक लोक सांधा कोपऱ्यावर घेतात, कारण तिथं वेल्डिंग सोपं जातं. सुकन्या तो आखूड बाजूच्या बरोबर मध्यावर घेत असे, कारण राखेचा मारा कोपऱ्यांवर होतो आणि कोपऱ्यावरचा सांधा आधी फुटतो. चौसाळ्याच्या तुकड्याचा सांधा आखूड बाजूच्या मध्यावर होता. चौकोनातून गोलाकडे जाणाऱ्या घड्याही सारख्या अंतरावर नव्हत्या. कोपऱ्यापाशी दाट आणि पुढे विरळ होत गेलेल्या. हीही तिचीच सवय. आपल्या घरची भाजी दुसऱ्याच्या ताटात बघून ओळखू यावी, तसा तिनं तो तुकडा ओळखला. तो तिच्या फाईलवरून कापलेला होता.

सुकन्या मूळची युसूफ वडगावची. वडील आप्पाराव अजूनही तिकडेच मेंढरांमागे असतात. तिनं बीडला डिप्लोमा केला, लग्न होऊन पुण्याला गेली, तिथं एका कंपनीत नकाशे काढायला लागली. लग्न टिकलं नाही. ती परळीला भावाकडे आली तेव्हा भागवत एका ठेकेदाराचा मुनीम होता आणि स्वतःची शेड टाकायच्या खटपटीत होता. आई कडूबाई त्याच्याकडेच राहायची. भागवतनं ताईला जुना संगणक आणून दिला आणि म्हणाला, शेड निम्मी तुझी.

पत्र्याचं खरं शिक्षण मात्र तिला सटवा मिस्त्रीनं दिलं. मिस्त्री जमिनीवर खडूनं आणि दोऱ्यानं नळाचा उलगडा काढायचा. ती तोच नळ संगणकात उभा करायची, जाडी द्यायची, चीर द्यायची आणि उलगडायची. दोघं एकमेकांचं ताडून बघत. कुठला आकार उलगडतो आणि कुठला नाही, हे मिस्त्रीनं तिला पहिल्याच आठवड्यात एका वाक्यात सांगितलं होतं: “द्रोन उलगडला की पान व्हतंय माय, पर घागर किती बी चिरली तरी सपाट व्हत न्हाई.” पुण्याच्या कंपनीत हेच समजावायला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं.

परतीच्या वाटेवर शेडच्या टेम्पोत, छोट्या हत्तीत, दोघंच होती. भागवत गाडी चालवत होता. तो खुशीत असल्यासारखा बोलत होता: रविराजची फजिती झाली, आता काम आपलंच. सुकन्या म्हणाली की तुकडा आपल्या फाईलवरून केलेला आहे.

“कॉम्प्युटर समद्यांचा सारखाच आसतो ताई,” भागवत म्हणाला. “मापं येकच. मंग तुकडा बी सारखाच व्हनार की.”

तिनं सांध्याची जागा सांगितली, घड्यांची गोष्ट सांगितली. मग तो उलटा का झाला तेही सांगितलं. शेडमध्ये वाकवायच्या रेषेवर पंच मारून टिंबं उठवत. टिंब बाहेरच्या अंगाला राहिलं तर वाकवताना पत्रा ताणला जाऊन नेमकी तिथूनच चीर जाते. म्हणून मिस्त्रीचा नियम होता: रेषा कायम आतल्या अंगाला. सुकन्याही नकाशा नळाच्या आतून बघितल्यासारखाच उलगडायची. ‘ही बाजू आत’ असं तिच्या नकाशावर कुठंही लिहिलेलं नसायचं. शेडमध्ये वाकवणाऱ्या सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेलं कोण लिहीत बसतं? भागवत गिऱ्हाईक, गाडी, माल बघायचा. प्रेसजवळ तो कधी उभा राहिला नव्हता.

“ज्यानं आपली फाईल नेली त्याला ह्ये ठाव न्हाई,” ती म्हणाली. “त्यानं रेषा बाहेर ठिवून वाकवलं. मंग उलटंच व्हनार.”

भागवतनं पुढचा ट्रक जाऊ दिला. “म्हंजी रेषा आत ठिवल्या आसत्या तर बसला आसता?”

“बरूबर बसला आसता.”

भागवतनं गिअर बदलला. मग म्हणाला की ही गोष्ट शेडमध्ये कुणाजवळ काढू नको. आणि गाव जवळ आल्यावर, अगदी नाइलाजानं बोलावं तसा म्हणाला की सटवा मिस्त्रीचा जावई चौसाळ्याच्या शेडमध्ये लागलाय, दोन महिने झाले. मिस्त्री संगणकापाशी बसतो. मिस्त्रीनं मुद्दाम दिलं नसेल, पण जावयानं पेनड्राईव्ह उचलला नसेल कशावरून?

सुकन्याला जावयाचं ठाऊक नव्हतं. मिस्त्रीनं ते सांगितलं नव्हतं, हेच तिला आधी लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मिस्त्रीला सांगितलं की आजपासून संगणकाच्या खोलीत यायचं नाही. भागवत शेजारी उभा होता. त्यानं शेडची किल्ली मागितली. का, ते मिस्त्रीनं विचारलं नाही. बाकीचे तिघं काम थांबवून बघत होते. मिस्त्रीनं किल्ली प्रेसच्या टेबलावर ठेवली, स्वतःचे पंच आणि हातोडी गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळली आणि चपला पायात सरकवल्या.

“इचारलं आसतं तर सांगितलं आसतं, म्याडम,” तो म्हणाला.

सहा वर्षांत त्यानं तिला माय सोडून दुसऱ्या कशानं हाक मारली नव्हती. ती दिवसभर संगणकासमोर बसली आणि एकही रेघ ओढू शकली नाही. पण राग खरा होता, आणि रागात माणसाला सोयीचं तेवढंच दिसतं. जावई आहे, पेनड्राईव्ह आहे, मिस्त्री खोलीत येतो. तिचा हिशेब एवढ्यावरच थांबला.

परळीचा तुकडा मिस्त्रीशिवाय पुरा झाला. चौसाळ्याच्या लोकांनी चाटे साहेबांकडे आणखी एक संधी मागून घेतली होती, सुंदररावांचा फोनही आला असावा. साहेब म्हणाले, हरकत नाही, दोघांचे तुकडे एकाच दिवशी चढवू.

त्या दिवशी कारखान्यावर सुकन्या नवी साडी नेसून गेली नव्हती, पण इस्त्रीची नेसली होती. आधी परळीचा तुकडा चढला. क्रेननं तो अलगद मधे घातला, कामगारांनी भोकांतून लोखंडी टोचे घालून बघितले, आणि सगळे टोचे हातानं आरपार गेले. साहेबांनी मान हलवली. तुकडा उतरवला. मग चौसाळ्याचा नवा तुकडा चढला. त्याचं गोल तोंड डावीकडे झुकलेलं होतं. तोही बसला.

तो खाली आल्यावर सुकन्या त्याच्याजवळ गेली आणि चौकोनी तोंडातून आत वाकून बघितलं. वाकवायच्या रेषा आतल्या अंगाला होत्या.

ती तशीच वाकून राहिली. आत पत्र्याचा, जळक्या वेल्डिंगचा वास होता. रेषा आत का, हे मिस्त्रीला ठाऊक होतं, शेडमधल्या तिघांना ठाऊक होतं. त्यांच्यापैकी कुणी फाईल दिली असती तर तोंडानं एवढं सांगितलंच असतं, आणि पहिलाच तुकडा सरळ झाला असता. ज्यानं फाईल दिली त्याला हा नियम पहिल्या तुकड्याच्या वेळी ठाऊक नव्हता आणि दुसऱ्याच्या वेळी ठाऊक होता. या दोन तुकड्यांच्या मधे तिनं तो एकाच माणसाला सांगितला होता, गाडीत.

तिनं मान बाहेर काढली. भागवत रविराजच्या बाजूला उभा होता. दोघं बोलत नव्हते. न बोलण्याइतकी त्यांची ओळख होती.

चाटे साहेबांनी निकाल दिला. दोन्ही तुकडे बसले, दोघांचं काम चांगलं. पण त्यांना हंगाम गाठायचा होता, आणि ज्याची मशीन मोठी त्याचा माल लवकर. काम चौसाळ्याला. यात त्यांचं काही चुकलं असं सुकन्यालाही म्हणता आलं नसतं.

“नकाशे काढायला मानूस हाय ना तुमच्याकडं?” साहेबांनी रविराजला विचारलं. “मागच्या वानी उलटंपालटं नको.”

रविराज मोकळ्या मनाचा गडी होता. यात लपवण्यासारखं काही आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसावं. त्यानं भागवतच्या खांद्यावर हात टाकला. “भागवतराव आता आमचेच मॅनेजर हाईत साहेब. नकाशे समदे त्येंच्याच हातचे. मागचा तुकडा आमच्या पोरांनी उलटा वाकवला, ह्यांनी येऊन नवा करून घेतला.”

साहेबांच्या हातात परळीचा नकाशा होता. त्यांनी त्याचा कोपरा बघितला. “हितं तर ह्यांचं नाव हाय.” त्यांनी सुकन्याकडे बोट केलं.

सगळ्यांनी भागवतकडे बघितलं. सुकन्यानंही बघितलं. एवढ्या वेळातही तो काही वेगळं म्हणेल असं तिला वाटत होतं.

“पैलं काम व्हतं साहेब,” भागवत हसून म्हणाला. “म्हनलं लक्ष्मीचं नाव टाकावं. ताई टायपिंगचं बघती.”

साहेबही हसले. चांगली पद्धत आहे म्हणाले, आमच्याकडंही नव्या गाडीला आईचं नाव टाकतात. नकाशाची घडी करून त्यांनी तो सुकन्याच्या हातात दिला आणि रविराजशी पुढचं बोलायला लागले. ती तिथंच बोलू शकली असती. चाटे साहेबांसमोर संगणक उघडून कुठलाही नळ उलगडून दाखवू शकली असती. पण त्यासाठी आधी चारचौघांत म्हणावं लागलं असतं की माझा भाऊ खोटं बोलतोय.  ती फाटकापर्यंत चालत गेली आणि परळीची जीप पकडली.

संध्याकाळी भागवत घरी आला तेव्हा कडूबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. गॅस होता, पण भाकरी ती चुलीवरच करायची. भागवतनं हातपाय धुतले, खाली बसला आणि कुणी न विचारता सांगायला लागला. गेल्या दिवाळीपासून त्याचं चौसाळ्याला जाणंयेणं होतं. रविराजकडे मशीन होती, पण उलगडा काढणारा माणूस टिकत नव्हता. त्यानं मॅनेजर हो म्हणून सांगितलं. पुढच्या पंचायत समितीला सुंदरराव त्याचं नाव पुढे करणार होते. मेंढपाळाच्या पोराला त्या घरानं असं जवळ करणं ही काय लहान गोष्ट नव्हे. तिथं जायचं तर हातात काहीतरी दाखवायला हवं होतं. परळीची शेड किती दिवस चालणार होती? चार माणसं आणि एक जुनी प्रेस. आणि ताईला तो सोडून देणार नव्हताच. थंड हवेची खोली आहे तिथं, खुर्ची आहे.

“कोन म्हनून?” सुकन्यानं विचारलं.

“आं?”

“खुर्चीवर कोन म्हनून बसायचं?”

भागवत भाकरीचा पापुद्रा सोलत राहिला. “मदतीला म्हनून. नाव काय करायचंय ताई? नकाशा तर कॉम्प्युटरच काढतो. तू बटनं दाबती, मी बी शिकंन.”

 दुसराच प्रश्न तिला सकाळपासून टोचत होता. “मिस्तरीचं नाव कावून घेतलंस?”

“तूच इचारत व्हतीस कोन आसंल, कोन आसंल. कुनाचं तरी घ्यावंच लागलं आसतं.”

हे त्यानं चिडून नाही, समजावून सांगावं तसं सांगितलं. कडूबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाली, मिस्त्रीचं काय एवढं, त्याला कुठंही काम मिळतं, हातात कला असलेला माणूस.

“पोरगं पुढं चाललंय, तर तू आडवी व्हऊ नगं माय,” ती म्हणाली. “त्यो मोठा झाला तर तुजं बी नावच व्हईल की. त्यानं मला पैल्याच दिशी सांगितलं व्हतं, ताईला बी नेतो म्हनून.”

“पैल्याच दिशी म्हंजी कवा?”

कडूबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. सुकन्याला मग पेढे आठवले. मागच्या महिन्यात भागवतनं आणले होते. आईनं त्यातला एक तिच्या हातावर ठेवला होता आणि नवस फेडला म्हणून सांगितलं होतं. कुठला नवस, हे तिनं विचारलं नव्हतं. पेढा चांगला होता, तिनं आणखी एक मागून घेतला होता.

ती न जेवता उठली नाही. जेवली, ताट धुतलं, ओट्यावर पालथं घातलं. या घरात आता कुणावर रुसायचं हेच तिला कळत नव्हतं.

सटवा मिस्त्रीचं घर वीज केंद्राच्या राखेच्या तळ्याकडच्या वस्तीत आहे. वारा फिरला की तिथल्या भांड्यांवरही करडा थर बसतो. सुकन्या दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. मिस्त्रीची बायको बायनाबाई दारात शेंगा फोडत बसली होती. तिनं पाणी आणून दिलं, बस म्हणाली नाही. मिस्त्री आतून आला. सुकन्यानं काहीही न वगळता सगळं सांगितलं: गाडीतलं बोलणं, जावयाचं नाव कुणी काढलं, दुसऱ्या तुकड्यातल्या रेषा, पेढे. माझं चुकलं, असंही ती म्हणाली.

मिस्त्रीनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला की जावई तिथं हमाली करतो, मालाच्या गाड्या उतरवतो. सांगायची लाज वाटली म्हणून सांगितलं नव्हतं.

“येक इचारू का?” तो म्हणाला. “फाईल माज्या हातानं गेली आसती, तर तुकडा पैल्याच खेपंला बसला आसता. ह्ये तुमाला त्या दिशीच कळाया पायजे व्हतं. कावून कळलं न्हाई?”

 उत्तर एवढंच होतं की भाऊ बोलला म्हणून तिनं पुढचं पडताळलं नाही. सहा वर्षांत मिस्त्रीनं काढलेली एकेक रेघ तिनं ताडून बघितली होती. भागवतचा शब्द कधीच बघितला नव्हता.

परत येता का, असं तिनं विचारलं. मिस्त्री म्हणाला की अंबाजोगाईच्या एका शेडमध्ये त्यानं सोमवारपासून यायचं कबूल केलंय आणि शब्द फिरवायची त्याला सवय नाही. त्यानं तिला टोमणा मारला असं वाटलं नाही. निघताना बायनाबाईनं मूठभर शेंगा तिच्या पदरात घातल्या, आल्या माणसाला देतात तशा.

आठवड्याच्या शेवटी भागवत पिकअप घेऊन शेडवर आला. बरोबर चौसाळ्याची दोन माणसं होती. जुनी प्रेस आणि रोलिंग मशीन त्यांना नको होतं. तिथं नवीन होतं. त्याला हवा होता तो संगणक. सुकन्या अडवेल अशी त्याला भीती असावी, कारण गाडीतून उतरतानाच तो मोठ्यानं बोलत होता. तिनं अडवलं नाही. तारा स्वतः काढल्या, गुंडाळल्या, पडदा आणि डबा जुन्या चादरीत बांधून दिला.

भागवतनं हंगामाच्या कामाची यादी दाखवली. कोपरे, जोड, राखेची नरसाळी. बहुतेक सगळे आकार तिच्या फायलींमध्ये तयार होते, मापं तेवढी बदलायची होती. मापं बदलली की उलगडा आपोआप बदलतो, एवढं भागवतला तिच्या मागे उभं राहून बघून कळलेलं होतं. यादीतला माल जाड प्लेटचा होता. चाचणीचा तुकडा पातळ पत्र्याचा होता.

जाड प्लेट वाकवली की ती बाहेरून ताणते आणि आतून आखडते. किती, ते ज्या प्रेसवर वाकवायची त्या प्रेसच्या साच्यावर असतं. सुकन्यानं आणि मिस्त्रीनं परळीच्या प्रेसवर पट्ट्या वाकवून, मोजून तो आकडा काढला होता आणि तो प्रत्येक फाईलच्या पोटात बसवलेला होता. चौसाळ्याच्या नव्या मशीनचा साचा वेगळा. तिथं तो आकडा चालणार नव्हता. पातळ पत्र्यात तो फरक वेल्डिंगच्या फटीत मुरून गेला. जाड प्लेटमध्ये एकेका घडीला जरा जरा करत शेवटी बोटभर कमी भरणार होतं, आणि ते प्लेटी कापून, वाकवून, कारखान्यावर चढवल्यावरच कळणार होतं. नवीन मशीनवर आधी पट्टी वाकवून बघावी, हे नकाशा काढणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. फाईलच्या पोटात असा काही आकडा आहे हेच भागवतला ठाऊक नव्हतं.

माणसांनी संगणक गाडीत चढवला. भागवत दाराशी रेंगाळला. त्याला ताई काही बोलली नाही याचंच ओझं झालेलं दिसत होतं.

“अजून काई ऱ्हायलं का सांगायचं?” त्यानं विचारलं. “रेषा आत, ते झालं. दुसरं काई?”

तिच्या हातून आजवर चुकीचं माप शेडबाहेर गेलं नव्हतं. एकदा अर्ध्या कामावर चूक सापडली तेव्हा तिनं ठेकेदाराला स्वतः फोन केला होता, आणि तो ठेकेदार काही तिच्या मायेचा नव्हता. ती भावाकडे बघत राहिली. त्यानं दाढी नीट कोरली होती, नवा पांढरा शर्ट घातला होता, बाही कोपरापर्यंत दुमडली होती.

“न्हाई,” ती म्हणाली.

“बरं.” तो दोन पावलं गेला आणि परत आला. आवाज खाली करून म्हणाला, “ताई, त्या कोपऱ्यातल्या चौकटीत तुजं नाव टाकू का? रविराज काई म्हननार न्हाई. मी सांगतो त्याला.”

“नगं. तुजंच टाक.”

“खरंच?”

“तुजंच टाक. पुरं टाक, बापाच्या नावासकट.”

भागवतचा चेहरा उजळला. ताईचा राग गेला असं त्याला वाटलं. तो म्हणाला की आईला सांग, रात्री जेवायला घरीच आहे, वांग्याचं भरीत कर म्हणावं. मग उडी मारून पिकअपमध्ये बसला, आणि गाडी वळेपर्यंत खिडकीतून हात हलवत राहिला.